एक जेवला, एक उपाशी

परदेशी संगीताच्या रेकॉर्डवर टीका लिहायला बी.कॉम.ची पदवी पुरते का, असा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून विचारला जातो. माझं म्हणणं, जमा किती, खर्च किती आणि शिल्लक काय, एवढं कळलं की पुरे. कारण युरोपातल्या या लांबलचक रेकॉर्डींत मुख्य प्रश्न ऐकणाऱ्याच्या वेळेच्या खर्चाचाच असतो.

पहिलं खातं ‘येस’ नावाच्या इंग्रज मंडळींचं. नावातच होकार असल्यामुळे त्यांच्यात कुणी कुणाला ‘आता पुरे’ म्हणत नसावं. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ काढली. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणं, वीस-वीस मिनिटांचं. आणि कल्पना कुठली? आपल्याकडची! गायक जॉन अँडरसन टोकियोत परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र चाळत होता. पान ८३ वर त्याला एक लांब तळटीप भेटली. तिच्यात शास्त्रांचे चार प्रकार सांगितलेले. झालं! एका तळटिपेची ऐंशी मिनिटं झाली. आमच्या बँकेत कर्जाच्या कागदाखालची बारीक अक्षरं वाचणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. हा गृहस्थ तळटिपा वाचून रेकॉर्डी काढतो.

आता श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र अशी नावं कानावर पडली की आपण चपला बाहेर काढतो आणि कंटाळा आला तरी मान डोलवत बसतो. पण कंटाळा हाही एक प्रामाणिक अभिप्राय आहे. तिसऱ्या बाजूला स्टीव्ह हाउची साधी गिटार फार सुरेख वाजते, चौथ्या बाजूचा शेवटही हळवा आहे. हे जमेला धरलंच पाहिजे. मात्र मधल्या मजकुरात एक तुकडा संपला म्हणून दुसरा सुरू होतो, एवढंच. लांबीला आपण भीत नाही हो! विलंबित ख्याल तासभर ऐकणारी माणसं आपण. पण तिथे गवई पुढच्या स्वराची वाट बघायला लावतो. इथे आपण बाजू संपायची वाट बघतो.

आणि हे मत माझ्या एकट्याचं नाही. खुद्द त्यांचा पेटीवाला, म्हणजे कीबोर्डवाला रिक वेकमन, या रेकॉर्डवर नाराज होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वाजवायला फारसं काही नाही म्हणून त्यानं भर रंगमंचावर हिंदुस्थानी जेवण जेवून घेतलं, ही हकीकत त्यानंच पुढे सांगितली आहे. १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला. याहून स्पष्ट परीक्षण कुठल्या टीकाकारानं लिहिलंय?

दुसरं खातं कीथ जॅरेटचं. माणूस अमेरिकन, पण ‘द कोलोन कॉन्सर्ट’ जन्मली जर्मनीत आणि काढली म्युनिकच्या ईसीएम कंपनीनं. तारीख २४ जानेवारी १९७५. कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये आधी ऑपेराचा प्रयोग, म्हणून याची वेळ रात्री साडेअकराची. आयोजक वेरा ब्रँडेस, वय वर्षं अठरा. मागितलेला मोठा पियानो आलाच नाही. आला तो तालमीतला छोटा. वरचे सूर पत्र्यावर चमचा आपटावा तसे, खालच्या सुरांत दम नाही, पेडल रुसलेलं. जॅरेटची पाठ दुखत होती. हॉटेलात जेवण उशिरा आलं, दोन घास कसेबसे पोटात गेले. वाजवत नाही म्हणणाऱ्या या माणसाला त्या मुलीनं गळ घातली आणि तो बसला. समोर चौदाशेच्या आसपास श्रोते, आणि ठरवून आणलेलं काहीही नाही.

सुरुवातीचे सूर त्या नाट्यगृहाच्याच घंटीसारखे आहेत, असं म्हणतात. मग तो मधल्या सप्तकांत ठाण मांडतो. खर्जात ताकद नाही ना, म्हणून डावा हात तेच तेच घोळवत राहतो. एका ठिकाणी तर दोनच स्वरमेळांवर जवळजवळ बारा मिनिटं! आपल्याला त्यात तंबोऱ्याची आठवण होते. वर उजवा हात शोधतोय, हुकतोय, पुन्हा शोधतोय. मधूनच जॅरेट कण्हतो. ती त्याची नेहमीची सवय, पण इथे पाठ बोलते की आनंद, सांगता येत नाही. पहिलाच भाग सव्वीस मिनिटांचा आहे, म्हणजे ‘येस’च्या एका बाजूपेक्षा मोठा. घड्याळाकडे माझं एकदाही लक्ष गेलं नाही.

हिशेब असा लागतो. ‘येस’कडे वाद्यं होती, वेळ होता, पाठीशी चार शास्त्रं होती, जॅरेटकडे धड पियानोही नव्हता. तरी त्याच्या खात्यावर मला शिल्लक दिसते, कारण पुढचा सूर त्याला स्वतःलाच हवा होता. वाचकांनी दोन्ही जरूर ऐकाव्या. कोलोनची जेवणाआधी ऐकावी, तिच्यासाठी भूक थांबते. ‘टेल्स’ला बसण्यापूर्वी मात्र पापड भाजून जवळ ठेवावेत. वेकमनच्या त्या जेवणातही होते म्हणतात.