टाकी, टाकं आणि तट

तोरण्यावरून राजगडाकडे चालत निघालं की संजीवनी माचीची भिंत दिवसभर समोर राहते. सकाळी बुधला माचीवरून बघितली तेव्हा ती पेन्सिलची रेघ वाटत होती. भुतोंड्याच्या खिंडीत, जिथे डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे उतरलो आणि ती दिसेनाशी झाली. पलीकडच्या धारेवर चढलो तर एकदम मोठी होऊन पुन्हा समोर. दुपारी तीनच्या सुमारास अळू दरवाज्यातून आत शिरलो आणि दिवसभर जिच्याकडे बघत चाललो तिला पहिल्यांदा हात लावला. दगड तापला होता.

आम्ही तिघं होतो. पहाटे चारला वेल्ह्यातून निघालो होतो. माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं, ते खिंडीतच संपत आलं. ही वाट अवघड कमी आणि लांब जास्त आहे. दोन्हीकडे खोल उतार, मध्ये गवताची धार, सावली नावाला. असल्या वाटेवर डोक्यात काहीतरी फिरत राहतं. माझ्या डोक्यात त्या दिवशी आपल्याकडची गडांवरची पुस्तकं फिरत होती, आणि त्यांच्याबद्दलची एक तक्रार तयार होत होती. ती तक्रार मूळची माझी नाही, माझ्या आजोबांची आहे. त्यांनी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

मी गंगाखेडचा. आबा, म्हणजे आजोबा, गवंडी. काळ्या दगडाची जोती बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यांना फोनवर संजीवनी माचीचा ड्रोनवरून घेतलेला व्हिडिओ दाखवला. मागे ढोल-ताशा, भिंत सापासारखी वळत चाललेली, खाली ढग. आबांनी आवाज बंद करायला लावला. मग व्हिडिओ थांबवून बोटांनी भिंत मोठी करून बघितली. मी विचारलं, "आबा, एवढा दगड वर नेला कसा असेल हो?"

"वर कशाला नेतील मंतो? तिथंच काढला आसंल. वरी पाणी हाय का?"

आहे ना, म्हटलं, टाकी आहेत बरीच.

"मंग झालं की. तीच खाण."

एवढं बोलून त्यांनी फोन परत दिला.

मी तेव्हा नोकरीमुळे पुण्यात राहून चार वर्षं गड फिरत होतो. टाक्यांचं पाणी प्यायलो होतो. तटाचे फोटो काढले होते. पण टाकं म्हणजे तटाच्या आकाराचा खड्डा आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गडाच्याच कातळातून दगड काढायचा, त्यानं तट उभा करायचा, आणि उरलेल्या पोकळीत पावसाचं पाणी साठवायचं. अभ्यासकांना हे नवीन नाही. मला ते सुचलं नाही याचं कारण मी नंतर शोधत गेलो, आणि ते मला माझ्या वाचनात सापडलं.

माझं वाचन म्हणजे अर्थातच गोनीदा. गो. नी. दांडेकर हे नाव काढल्याशिवाय मराठीत गडांबद्दल बोलता येत नाही. 'दुर्गभ्रमणगाथा' मी पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं आणि पुढच्याच शनिवारी राजगडाच्या पायथ्याशी गेलो. असं माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं झालं असेल. पण आता मला त्या नावाशीच थांबावंसं वाटतं. गोनीदांच्या आणखी एका प्रसिद्ध पुस्तकाचं नाव आहे 'कुणा एकाची भ्रमणगाथा', आणि ते आहे नर्मदेच्या परिक्रमेवर. नदीभोवतीची प्रदक्षिणा आणि गडावरची पायपीट, दोघींना एकच शब्द. त्यातही 'गाथा' म्हटलं की मराठी माणसाला आधी तुकोबा आठवतात. हे नुसतं शीर्षकापुरतं नाही. संतसाहित्यात मुरलेल्या माणसानं गडाकडे तीर्थ म्हणून पाहिलं आणि आपल्याला तसं पाहायला शिकवलं. गडाचं दर्शन घ्यायचं, माती कपाळाला लावायची, वर जाऊन गप्प बसायचं. आज रीलवाल्यांच्या कॅप्शनमध्ये जी भाषा दिसते ती याच भाषेची पातळ केलेली नात आहे. गोनीदांकडे त्या भाषेमागे पायाखालची हजारो मैलं होती. आपल्याकडे मागे ढोल-ताशा आहे.

तीर्थाच्या भाषेची एक अडचण आहे. तीर्थ आधीपासूनच असतं, ते कुणी बांधत नाही. गोनीदांच्या गडांवर माणसं नाहीत असं मुळीच नाही. 'पवनाकाठचा धोंडी'मधला हवालदार तुंग किल्ल्याशी बांधलेला आहे, 'माचीवरला बुधा'मधला म्हातारा शहर सोडून राजमाचीवर परततो. मराठी कादंबरीत गडाच्या पोटात राहणारी माणसं इतक्या मायेनं फार थोड्यांनी आणली. पण ही माणसं गडाचं राखण करतात, गडावर जीव लावतात, गडावर मरतात. त्यांच्या आधी गड उभा आहे. भिंतीला वय आहे, पराक्रम आहे, दुःखसुद्धा आहे. तिला फक्त बांधकाम नाही.

याच्या उलट टोकाला माहितीची पुस्तकं आहेत. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा', प्र. के. घाणेकरांची पुस्तकं. घाणेकर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे त्यांची नजर झाडासारखीच दरवाजा, बुरूज, टाकं यांच्यावरही थांबते. या पुस्तकांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांच्यामुळे मी वाट चुकलो नाही. पण त्यांच्यापासून पुढे ट्रेकिंगच्या ब्लॉगांपर्यंत आलेल्या साच्यात एक गंमत होऊन बसली आहे. तट जातो 'पाहण्यासारखं'च्या यादीत आणि टाकं जातं 'सोयी'च्या यादीत. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, बारमाही आहे की जानेवारीपर्यंतच. एकाच दगडाच्या दोन बाजू अशा दोन रकान्यांत पडल्या की त्यांची गाठ पडत नाही.

आणि तरीही मराठीतल्या गडांवरच्या जुन्या गद्यात ही गाठ पक्की होती. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' 1715च्या सुमाराचं. त्यात गडांबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला आमच्या कंपनीतला सर्वात खडूस आणि सर्वात उपयोगी सिनिअर आठवतो. आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून टाकी करा. झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. हा शेवटचा मुद्दा शास्त्राला धरून आहे की नाही यावर आम्ही खिंडीत ताक पिताना बराच वाद घातला. पण वाक्यामागचा माणूस बघा. त्याला गड अजून बांधायचा आहे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकवायचा आहे. नमस्कार करण्याइतका तो त्याच्यापासून लांब गेलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, हा मुद्दा ब्रेख्तनं केव्हाच मांडलाय. चिनी भिंत बांधून झाली त्या संध्याकाळी गवंडी कुठे गेले असं विचारणारी त्याची कविता आहे. कॉलेजात आम्ही ती पोस्टरवर लिहिली होती. पण 'कुणी बांधलं' हा प्रश्न आता इतका सवयीचा झालाय की तो विचारला की उत्तर दिल्यासारखं वाटतं. नावं मिळणार नाहीत हे माहीत असतं, आपण हळहळतो आणि पुढच्या बुरुजाकडे जातो. आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची आज्ञा असते. कोडची कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते एका क्षणात दिसतं. भिंतीला ती सोय नाही. पण आबांनी 'कुणी' विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, पाणी आहे का. म्हणजे काम कसं झालं असेल. आणि कामाचा माग लागला की काम करणाऱ्यालाही जागा मिळते, नाव नसलं तरी.

एक नाव आपण जपलंय खरं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचा लेख आहे. आपल्याला तो का आवडतो? पायरीवर आहे म्हणून. सगळी राजधानी उभारणारा माणूस आपलं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली ठेवतो, ही आपल्याला ओळखीची गोष्ट वाटते, कारण पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे. म्हणजे बांधणाराही आपल्या लक्षात राहिला तो भक्त झाल्यावर.

नामदेवांच्या पायरीशी त्यांच्या घरच्यांनीही समाधी घेतली अशी परंपरा आहे, आणि त्या घरच्यांत जनाबाई येते. ती आमच्या गावची. गंगाखेडच्या कुठल्याही पोराला विचारा, गावाची ओळख सांगताना गोदावरी आणि जनाबाई ही दोन नावं एका दमात येतात. लहानपणी मला तिचं काही विशेष वाटत नव्हतं. आता वाटतं ते हे की तिच्या अभंगांत काम कधी थांबत नाही. दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, शेण गोळा करणं आहे. ती दासी आहे आणि ते ती लपवत नाही. विठ्ठल तिला भेटतो तो जात्यापाशी, आणि भेटून नुसता दर्शन देत नाही, खुंट्याला हात घालतो. तिच्या भक्तीत देवाला कामाला लागावं लागतं. दुर्गसाहित्यानं वारकऱ्यांकडून शब्द घेतले, जातं मात्र गंगाखेडलाच राहिलं.

जात्यावरून आठवलं. माझ्या लहानपणी गल्लीत बाया ओरडत यायच्या, जात्याला-पाट्याला टाकी लावायची का म्हणून. छन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसायच्या आणि गुळगुळीत झालेला दगड ठोकून खरबरीत करून द्यायच्या. टाकी म्हणजे ती छन्नी आणि छन्नीचं कामही. गडावरचं टाकं आणि ही टाकी, दोन्ही शब्द एकाच दगडाच्या आसपास घुटमळतात. (आता टाकी म्हटलं की गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची.) आणि मग ती म्हण, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेत निबंधाला हमखास. खिंडीनंतरच्या चढावर मी ती मनात घोळवत होतो तेव्हा जाणवलं की या वाक्यात दगड आहे, घाव आहेत, देव आहे. घाव घालणारा नाही. सोसणं सगळं दगडाकडे. दिवसभर टाकी धरून ज्याच्या हाताला घट्टे पडले, त्याच्या सोसण्याला म्हणीत जागा नाही.

संजीवनी माचीची भिंत दुहेरी आहे. आतला तट, बाहेरचा तट, मध्ये अरुंद बोळ. बुरूजही तसेच, चिलखत घातलेले. बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी राहते आणि बोळात शिरलेल्याला हात फिरवायला जागा मिळत नाही. जवळपास अडीच किलोमीटरची माची, आणि भिंत तिच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत टप्प्याटप्प्यानं उतरते. त्या बोळात उतरणाऱ्या उभ्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसलो. गार होतं. तटात शौचकूप आहेत, मारा करायला जंग्या आहेत. हे काहीच ड्रोनमधून दिसत नाही. ड्रोनमधून वळण दिसतं, आणि वळण सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण वळण डोंगराचं आहे. भिंतीचं काम आत आहे.

मग मी माचीवरची टाकी शोधत गेलो. एका टाक्याच्या काठाला कातळात छन्नीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. मोबाईल जवळ धरून फोटो घेतला, रेघांवर आडवा उजेड पडेल असा. गंगाखेडच्या जमिनीखालचा काळा दगड आणि हा, दोन्ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्हाचे. आबांना तो ओळखीचा वाटला यात नवल नाही. नवल हे की मी त्यांच्या घरात वाढून मला तो ओळखू आला नाही. मला गड पुस्तकांतून भेटला, आणि त्या पुस्तकांतला गड सह्याद्रीतच होता. आमच्या बालाघाटातला धारूर गंगाखेडहून राजगडापेक्षा कितीतरी जवळ, तिथे मी आजवर गेलेलो नाही. तिथल्या भिंतीला कपाळ टेकायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याशिवाय भिंतीकडे जायचं कशाला हे मला कळत नव्हतं. युनेस्कोनं 2025च्या जुलैत बारा किल्ले यादीत घेतले तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं. राजगड त्यात आहे, तोरणा नाही. आम्ही सकाळपासून यादीबाहेरून यादीत चालत आलो होतो आणि वाटेत कुठे सीमा लागली नाही.

ऊन उतरल्यावर पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी खाली आलो. रेंज आल्यावर आबांना फोटो पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना लिहिता येत नाही, ते बोलून पाठवतात. रात्री पुण्यात पोहोचेपर्यंत अकरा सेकंदांचा आवाज येऊन पडला होता. मागे टीव्ही चालू होता.

"हात डावखुऱ्याचा दिसतो रे. रेघा बघ की कोनीकडून कलल्यात. आन गाळ लई झालाय त्याच्यात, कोन काढतं का न्हाई?"