क्षमा कोणी मागायची? उत्तर पेशवाईतील विरह-लावणीचा एक विचार

प्रस्तुत निबंधात उत्तर पेशवाईतील लावणीत प्रेमभंग आणि क्षमा यांचे नाते कसे येते, याचा विचार करावयाचा आहे. ज्या दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात बुधवार वाडा बांधला, त्याच्याच काळात आणि आश्रयाने होनाजी बाळाची लावणी बहरली. वाडा १८७९ च्या आगीत गेला. लावणी मात्र टिकली.

या लावणीतील नायिका वाट पाहते, रुसते, सवतीवर जळते, प्रियकराला टोचून बोलते आणि अखेर बहुधा त्याला घरी बोलावते. यात स्त्रीमनाचे औदार्य पाहण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. बोलते ती स्त्री; पण लिहितो पुरुष शाहीर, फडावर तिची भूमिका पुष्कळदा नाच्या पोऱ्या करतो आणि ऐकणारेही प्रामुख्याने पुरुषच. अशा रचनेत अपराधी पुरुषाला अपराध उच्चारावाच लागत नाही. त्याची क्षमा आधीच मंजूर झालेली असते.

ब्राझीलच्या बोसा नोव्हा गीतांशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. जोबिम आणि विनिसियस दे मोराइस यांच्या ‘इन्सेन्सातेझ’ या गीतात प्रेम दुखावणारा स्वतःच्याच हृदयाला दोष देतो आणि क्षमा मागायला पाठवतो. तेथे याचक अपराधी आहे; आपल्याकडे याचना दुखावलेलीच करते.

याचे कारण केवळ काव्यसंकेतात शोधून भागणार नाही. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. लावणी आणि स्त्रियांच्या श्रमाचे व देहाचे जातिबद्ध नियंत्रण यांचा संबंध शर्मिला रेगे यांनी दाखवून दिला आहे. जिला घर सोडून जाण्याची मुभाच नाही, तिच्या क्षमेला औदार्य म्हणावे काय?

तथापि संहिता म्हणजे संपूर्ण लावणी नव्हे. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ अदाकारीने पुनःपुन्हा फिरवते. यमुनाबाई वाईकरांनी (१९१५–२०१८) ही परंपरा दीर्घकाळ जोपासली. ‘ये’ हा शब्द एकदा आर्जव होतो, एकदा टोमणा, तर एकदा सरळ नकार. शाहिराने देऊन टाकलेली क्षमा गायिका अशी परत घेऊ शकते. आपल्या वर्गांत मात्र लावणी बहुधा मुद्रित संहितेवरूनच शिकवली जाते आणि ही परत घेतलेली क्षमा विद्यार्थ्यांच्या कानांवर पडतच नाही.