नाव झाकून पुस्तक सुचवा

ऑफिसच्या चॅटवर कुणी ‘सायफाय वाचायला सुरुवात करायचीय, काय वाचू?’ असं विचारलं, की पहिल्या दहा मिनिटांत कोणती नावं येणार हे मी आता न बघता सांगू शकते. ‘ड्यून’. ‘फाउंडेशन’. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. फँटसी म्हटलं की टॉल्किन आणि ब्रँडन सँडरसन. मग कुणीतरी पॅट्रिक रॉथफसचं ‘द नेम ऑफ द विंड’ टाकतं आणि लगेच दुसरा त्याला दम देतो : अरे, तिसरा भाग अजून आलेला नाही, नव्या माणसाला कशाला या खड्ड्यात ढकलतोस? अंगठ्यांची रांग लागते. विचारणारा ‘थँक्स, सेव्ह केलं’ म्हणतो. आणि बहुतेक वेळा त्यातलं काहीही वाचत नाही.

या पुस्तकांशी माझं भांडण नाही. यातली बरीच मलाही आवडतात. भांडण आहे ते सुचवण्याच्या पद्धतीशी. नुसतं नाव टाकणं म्हणजे वर्गात ‘हजर’ म्हणण्यासारखं आहे. त्यातून सुचवणाऱ्यानं काय वाचलंय ते कळतं, विचारणाऱ्यानं काय वाचावं ते कळत नाही.

असं का होतं याचं एक कारण नात्यात आहे. मित्राला आपण ‘हे बंडल आहे, पण तुला आवडेल’ असं बिनधास्त सांगू शकतो. सहकाऱ्याच्या बाबतीत जरा जपून बोलावं लागतं. सोमवारी त्याच्याचसोबत मीटिंग असते, पुढे-मागे तो आपला मॅनेजरही होऊ शकतो. त्यात फँटसी वाचणाऱ्याला ‘अजून परीकथा वाचतेस?’ हे ऐकायची धास्ती असतेच. मग आपण बक्षीस मिळालेलं, मालिका निघालेली, कुणी हसणार नाही असं नाव पुढे करतो. पुस्तक आवडलं नाही तर दोष आपल्यावर येत नाही. उलट एवढं मोठं पुस्तक झेपलं नाही म्हणून समोरचाच ओशाळतो.

माझं म्हणणं असं, की पुस्तक सुचवणं हा समीक्षेचा सगळ्यात छोटा प्रकार आहे. तीन ओळींची समीक्षा. त्यात तीन गोष्टी याव्यात : हे पुस्तक वाचताना काय घडतं, ते कुठे कंटाळा आणतं, आणि ते कुणी वाचू नये. तिसरी गोष्ट आपण जवळजवळ कधीच सांगत नाही.

टेरी प्रॅचेटचं उदाहरण घेऊ. डिस्कवर्ल्ड मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत. ‘पहिल्यापासून वाच’ हा सरळ वाटणारा सल्ला इथे घात करतो. 1983 सालची पहिली कादंबरी, ‘द कलर ऑफ मॅजिक’, ही जुन्या फँटसीची टिंगल आहे. ती जुनी फँटसी ज्यानं वाचलेली नाही, त्याला टिंगल कशाची चाललीय हेच कळत नाही. त्याऐवजी 1989 सालची ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. एका मोठ्या, बकाल शहरातली रात्रपाळीची पोलीस चौकी. कप्तान दारुडा, हाताखालची माणसं दोन-तीन, कुणी त्यांना विचारत नाही. आणि शहरात ड्रॅगन अवतरतो. रात्रपाळीत सपोर्टला बसणाऱ्या सहकाऱ्याला हे एवढंच सांगा. मालिका, क्रमांक, लेखकाची थोरवी काहीही लागत नाही.

‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लिऊ त्सिशिन यांची ही कादंबरी चिनी भाषेत 2006 साली मासिकातून आली आणि 2008 साली पुस्तकरूपात. सांस्कृतिक क्रांतीतले, एका प्राध्यापकाचा जमावासमोर छळ होतो ते प्रसंग चिनी पुस्तकात मध्यावर ढकललेले होते. 2014 साली केन लिऊ यांनी इंग्रजी अनुवाद केला तेव्हा लेखकाच्या संमतीनं ते पुन्हा सुरुवातीला आणले. म्हणजे आपण ‘हार्ड सायन्स आहे, भारी आहे’ म्हणून जे पुस्तक पुढे ढकलतो, त्याचा दरवाजा कुठे असावा यावर बराच विचार झालेला आहे. त्या मुलीनं डोळ्यांसमोर बापाला मरताना पाहिलं. पुढे तिनं माणसांबद्दल काय ठरवलं असेल? हा प्रश्न सांगितला तर भौतिकशास्त्राचा तिटकारा असलेला माणूसही पुस्तक उघडेल. मात्र त्याला हेही सांगायला हवं, की यातली बरीच पात्रं कल्पना वाहून नेणारे हमाल आहेत. ज्याला माणसांसाठी कादंबरी वाचायची आहे, त्यानं आधी अर्सुला ले ग्विनकडे जावं. तिच्या 1969 सालच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये सुरुवातीला परकी नावं आणि दरबारी राजकारण यांनी दमछाक होते, पण दोन माणसं बर्फ तुडवत निघतात तिथपर्यंत टिकलात, तर सुटका नाही.

नाव न घेता सांगितलेली गोष्ट किती लांब जाऊ शकते याचा पुरावा आपल्या घरातच आहे. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय, की 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा ऐकवली आणि त्यांची घाबरगुंडी उडाली. चित्रपट आला 2018 साली. पंचवीस वर्षं ती गोष्ट त्यांच्या डोक्यात मुक्कामाला होती. त्या मित्रानं ‘धारप वाच, मोठे लेखक आहेत’ एवढंच म्हटलं असतं तर? बर्वे ‘हो, वाचतो’ म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता, असा माझा अंदाज आहे.

आता मराठीकडे येते, कारण चॅटवर मला सगळ्यात जास्त खुपतं ते इथे. ‘मराठीत आहे का असलं काही?’ असं कुणी विचारलं, की एकच नाव येतं : नारळीकर. मग सगळे मान डोलावतात. मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा तर दिवसभर हात जोडलेले इमोजी येत होते. पण कुठली कथा, त्यात काय होतं, आज ती कशी वाटते, यावर एक ओळ नाही. नाव आलं, आदर झाला, प्रश्न मिटला.

गंमत अशी, की ज्या कथेपासून नारळीकरांचं हे लेखन सुरू झालं ती त्यांनी मुद्दाम नाव झाकून पाठवली होती. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नीच्या हातून लिहून घेतला. तेव्हा ते जगभर माहीत असलेले शास्त्रज्ञ होते. नावावर बक्षीस मिळणं अवघड नव्हतं. त्यांना कथा कथा म्हणून जोखली जायला हवी होती. तशी ती जोखली गेली आणि पहिली आली. पन्नास वर्षांनंतर आपण नेमकं उलटं करतोय. कथा झाकून ठेवतो आणि नाव फिरवतो.

याचा तोटा फक्त नारळीकरांना होत नाही. एका मोठ्या नावाच्या सावलीत लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे हे सगळे दिसेनासे होतात. ‘विप्लवा’सारखी विज्ञान कादंबरी लिहिणारे अरुण साधू ‘सिंहासन’वाले म्हणूनच उरतात. धारपांनी भयकथांच्या जोडीनं विज्ञानकथाही लिहिल्या, हे ‘तुंबाड’ दोनदा पाहिलेल्यांच्या गावी नसतं. आणि मराठी विज्ञानकथा म्हणजे शाळेच्या ग्रंथालयातलं, विज्ञान सोपं करून सांगणारं काहीतरी, हा समज घट्ट होत जातो.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. एक, नावाशिवाय पुस्तक शोधणार कसं? बरोबर आहे. नाव सांगाच, पण शेवटी. आधी तीन ओळी, मग नाव. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मराठी पुस्तकं मिळतात कुठे? यातली बरीच जुनी पुस्तकं दुकानात सहज सापडत नाहीत आणि फोनवर तर त्याहून कमी. लोकलमध्ये उभ्यानं वाचणाऱ्याला ग्रंथालयाची वाट दाखवून उपयोग नाही. म्हणून सुचवताना ते कुठे मिळालं हेही सांगावं लागतं. आमच्या टीममधली कोलकात्याची एकजण हे फार छान करते. बेगम रोकेया यांची 1905 सालची ‘सुलतानाज ड्रीम’ तिनं अशी सुचवली : पुरुष घरात कोंडलेले, बायका सौरऊर्जेवर देश चालवतात, एका चहात वाचून होते, नेटवर फुकट आहे. त्या दिवशी सहा जणांनी ती वाचली. लेखिकेचं नाव त्यातल्या दोघांनी नंतर विचारलं.

मीही तसं करून पाहिलं. एआयवर काम करणाऱ्या एका हैदराबादी सहकाऱ्यासाठी लिहिलं : “जमिनीखाली एक पेटी सापडते. कधीच नामशेष झालेल्या, आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या संस्कृतीचं ज्ञान तिच्यात आहे. ते वापरून माणसं बुद्धिमान यंत्र बनवायला घेतात. एवढं ज्ञान असणारे लोक संपले कसे, हे विचारायला त्यांना उशीर होतो. पात्रं फार खोल नाहीत, संवाद कधीकधी व्याख्यानासारखे. भाषेच्या सौंदर्यासाठी वाचत असशील तर घेऊ नकोस.” शेवटी नाव : नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. त्याला मराठी येत नाही, म्हणून ‘द रिटर्न ऑफ वामन’ हे इंग्रजी रूपही सांगितलं.

तो वाचून आला तो तक्रार घेऊनच. शास्त्रज्ञ एवढे सज्जन कसे, कंपन्या कुठे आहेत, पैसा कोण लावतंय? आमच्या प्रॉडक्टवाल्या मॅडम मध्ये पडल्या : अहो, ही कादंबरी तुमच्या स्टार्टअपच्या आधीची आहे, तेव्हा असलं यंत्र सरकारी प्रयोगशाळेतच बनणार असं वाटायचं. तिसऱ्यानं विचारलं, मग आजचा वामन कोण लिहील? अर्धा तास चॅट पेटलेलं होतं. त्यात एकही हात जोडलेला इमोजी नव्हता. मराठी पुस्तकावर आमच्याकडे त्याआधी कुणी कधी भांडलं नव्हतं.