कल्याण बंदर आणि 'यवन' शब्दाचा प्रवास

मराठी वाचकाला कल्याण दोन गोष्टींमुळे माहीत असते. एक म्हणजे रेल्वेचे जंक्शन, आणि दुसरी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा. नाटक, कविता, कीर्तन, शालेय भाषण अशा सर्व ठिकाणी ही कथा येते. तिच्यातील सुनेला मात्र स्वतःचे नाव नाही. ती फक्त एका 'यवन' सरदाराची सून आहे. या कथेच्या ऐतिहासिक खरेखोटेपणाची चर्चा पुष्कळ झाली, ती येथे पुन्हा करायची नाही. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो 'यवन' या शब्दाचा. मराठी ऐतिहासिक साहित्यात हा शब्द मुसलमानाचा पर्याय म्हणून सर्रास येतो. परंतु ज्या कल्याण बंदराच्या संदर्भात तो आपण वाचतो, त्याच बंदराशी या शब्दाचे फार जुने आणि अगदी वेगळे नाते आहे.

शब्दाचे मूळ आयोनियात आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीकांची जी नगरराज्ये होती त्या प्रदेशाला आयोनिया म्हणत. मिलेटस हे त्यांतले अग्रगण्य बंदर. इराणी साम्राज्याविरुद्ध या नगरांनी उठाव केला आणि इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस उद्ध्वस्त केले. ते पुढे पुन्हा वसले. पण मिआंडर नदीच्या गाळाने त्याचे बंदर बुजत गेले आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहेत. जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८९९ पासून तेथे उत्खनन केले. इराणी सम्राटांच्या शिलालेखांत या लोकांना 'यौन' म्हटले आहे. हाच शब्द प्राकृतात 'योन', संस्कृतात 'यवन' आणि अरबी-फारसीत 'यूनान' झाला. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातील यूनानी दवाखान्याच्या पाटीवरचा शब्द आणि ऐतिहासिक कादंबरीत आपल्यासाठी वापरलेला शब्द ही एकाच घरची भावंडे आहेत. गंमत अशी की, अरब ज्यांना यूनानी म्हणत त्यांचे नाव मराठीत अरबांच्याच धर्मबांधवांना चिकटले.

आपल्या भूमीवरचे पहिले यवन कसे दिसतात? अशोकाच्या पाचव्या आणि तेराव्या शिलालेखात योनांचा उल्लेख आहे. याच लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याला मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला सापडला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद नावाचे यवन दाते भेटतात. नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त हा स्वतःला योनक म्हणवतो आणि त्याच्या वडिलांचे नाव आहे धम्मदेव. नावे इथली, धर्म इथला, दान इथल्या भिक्षूंना. आणि तरीही 'मी यवन आहे' हे सांगण्यात त्यांना संकोच नाही. 'यवन' म्हणजे कुठून आला त्याची ओळख, शत्रुत्वाची खूण नव्हे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे जागोजाग आहेत. कल्याणचा कारागीर आणि व्यापारी ज्या धर्मपरंपरेला दान देत होता, तिलाच हे यवनही देत होते.

पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्या-ग्रंथात कल्याण 'कल्लिएना' या नावाने येते. आपल्याकडील स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका या उल्लेखाचा मोठा अभिमान बाळगतात आणि 'प्राचीन काळी कल्याणचा व्यापार ग्रीसपर्यंत होता' असे लिहून मोकळ्या होतात. मूळ मजकूर मात्र वेगळे सांगतो. थोरल्या सरागानसच्या काळी हे अधिकृत व्यापारी बंदर होते. पुढे ते सांदारेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराला अडथळे येऊ लागले. चुकून एखादे ग्रीक जहाज तेथे लागलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाची ही झळ आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हा उल्लेख कल्याणच्या भरभराटीचा नसून कोंडीचा आहे. अभिमानासाठी केलेले वाचन अर्धे वाक्य घेते आणि अर्धे सोडते. आपल्या इतिहासलेखनातला हा दोष फक्त एका समाजाचा नाही, हे पुढे दिसेलच.

अरब या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांना इथल्या लोकांनी काय म्हटले? चिंचणी येथे सापडलेला शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट या दृष्टीने फार मोलाचा आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी मुहम्मद नावाचा मुसलमान होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमति' असे संस्कृत होऊन आले आहे आणि त्याला 'ताजिक' म्हटले आहे. त्याने नदीवर फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि देवीच्या मठिकेसाठी दिलेल्या दानाला मान्यता मिळवून दिली. अल-मसूदी हा अरब प्रवासी त्याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, सैमूर म्हणजे चौलला आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, असे त्याने नोंदवले आहे. दहाव्या शतकातल्या कोकणाला अरबांसाठी स्वतंत्र शब्द होता. आजही ज्योतिषी वर्षफल सांगताना 'ताजिक' पद्धतीचे नाव घेतात, ते त्याच शब्दाचे. त्या वेळी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी नावे देण्याइतकी माणसे एकमेकांना ओळखत होती.

हे भेद पुढे पुसट झाले. तुरुष्क, ताजिक, म्लेंच्छ, यवन असे अनेक शब्द मध्ययुगीन संस्कृत लेखांत प्रसंगानुसार बदलत येतात, हे ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९९८ च्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे. मराठीत एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी स्वतःला अविंध म्हटले आणि त्या शब्दासकट ते मराठी संत ठरले. शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेव्हा फारसी ही यवनांची भाषा झाली होती. एकोणिसाव्या शतकापासूनच्या ऐतिहासिक कादंबरीने आणि नाटकाने बाकीचे शब्द बाजूला सारून 'यवन' हा एकच शब्द पक्का केला. त्यामुळे हबशी, पठाण, इराणी, दख्खनी आणि कल्याणचा कोकणी बोलणारा नवायत या सर्वांचा एकच माणूस तयार झाला. त्याचा स्वभाव ठरलेला, त्याची भाषा मोडकीतोडकी हिंदी आणि त्याचे गाव सदैव दुसरीकडे. साहित्याच्या दृष्टीने हे अन्यायाहून अधिक आहे, ती उणीव आहे. ज्या लेखकाला खलनायकाचे गाव आणि बोली ठाऊक नाही, त्याचा नायकही पुतळाच होतो.

तेव्हा हा शब्द हद्दपार करावा काय? मला तसे वाटत नाही. सतराव्या शतकातील एखादे पात्र 'यवन' म्हणत असेल तर ते त्या काळाला धरून आहे. पण आज लिहिणाऱ्या निवेदकाने तोच शब्द आपल्या तोंडी घेतला, की तो काळाचे चित्रण करत नाही, स्वतःचे मत देतो. पात्राचा शब्द आणि निवेदकाचा शब्द यांतला फरक समीक्षेने नेमकेपणाने दाखवला पाहिजे. आपल्याकडील समीक्षा कादंबरीची शैली आणि कथानक तपासते, हा फरक क्वचितच तपासते.

हीच कसोटी आपल्या लेखनालाही लावली पाहिजे. १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याने 'आम्ही इथलेच' ही भूमिका सातत्याने मांडली. त्याच वेळी आपल्या स्मरणिकांत आणि घराण्यांच्या इतिहासात 'आपण अरब व्यापाऱ्यांचे वंशज' हे वाक्य अभिमानाने येते. काही घराण्यांच्या बाबतीत ते खरेही असेल; परंतु कोकणातील विणकर, कोळी, शेतकरी मुसलमान या वाक्यात कुठे बसतो? बाहेरून येण्याचा मोठेपणा आपण मिरवायचा आणि कुणी बाहेरचे म्हटले की दुखवून घ्यायचे, हे एकत्र चालणार नाही. पेरिप्लसचे अर्धे वाक्य घेणाऱ्यांत आणि वंशावळीचे एकच पान वाचणाऱ्यांत फार अंतर नाही.

यावर उपाय पुराव्याचा आहे. सोपाऱ्यासारखे उत्खनन कल्याणात सोपे नाही, कारण जुन्या वस्तीवरच आजचे शहर उभे आहे. उल्हास खाडीचा गाळ, पाया खणताना निघणारी खापरे, शेनाळे तलावाकाठची काळी मशीद, मुहतबर खानाची कबर, जुन्या कबरस्तानांतले दगड, ठाणे-भिवंडीच्या घरांतील मोडी आणि फारसी सनदा एवढेच हाताशी आहे. घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा यांतले बरेचसे डेब्रिजबरोबर जाते. ब्राह्मी, फारसी आणि मोडी या तिन्ही लिप्या वाचणारा अभ्यासक मिळणे कठीण आहे, पण तिन्ही वाचणारी तीन माणसे एका टेबलाशी बसू शकतात. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा जाळण्यापूर्वी निदान त्यांची छायाचित्रे काढून अभ्यासकांपर्यंत पोचवावीत. कल्याणवर पुढची कादंबरी कुणीही लिहो, हिंदू किंवा मुसलमान. त्या कागदांतल्या माणसांची नावे तिला मिळाली, तर सुभेदाराच्या सुनेलाही कदाचित एखादे नाव मिळेल.