रद्द कायदे आणि चालू हजेरी

दलित साहित्याच्या समीक्षेत आपण अनुभवाची, भाषेची, विद्रोहाची चर्चा पुष्कळ केली. कायद्याची केली नाही. ‘फकिरा’ (१९५९) मधून हजेरी वजा केली आणि ‘उचल्या’ (१९८७) मधून पोलिसांची झडती वजा केली, तर मागे काय उरेल? तरीही या दोन कृतींवरील लेखनात कायदा नेहमी पार्श्वभूमी म्हणून येतो, एखाद्या ओळीत, आणि समीक्षक लगेच दारिद्र्याकडे वळतो.

मलाही हे उशिराच सुचले, आणि त्याला निमित्त झाले घाटघरचे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनच्या पायथ्याशी वसलेले हे महादेव कोळ्यांचे गाव. भात आणि हिरडा यांवर जगणारे. काही विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. संध्याकाळी एका ओसरीवर ‘फकिरा’तील हजेरीचा भाग वाचला. वाचन संपल्यावर गावातला एक तरुण बोलू लागला. निसर्ग चक्रीवादळात (२०२०) हिरड्याचे नुकसान झाले, त्याच्या भरपाईसाठी निघालेल्या एका मोर्चात तो लाल बावटा घेऊन चालला होता. बंदोबस्तावरच्या एका पोलिसाने त्याला दरडावले होते, की तुमच्या लाल बावट्यावर इंग्रजांच्या काळापासून बंदी आहे, जुना कायदा काढला तर सगळे आत जाल.

“सर, खरंच लागू होतो का तो कायदा अजून?”

मी “नाही” म्हणालो. आता वाटते, ते उत्तर अर्धवट होते.

पोलिसाचे म्हणणे सरळच खोटे होते. कम्युनिस्ट पक्षावर हिंदुस्थान सरकारने १९३४ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता, आणि मीरतच्या खटल्यातून सुटलेली माणसे पुन्हा कामाला लागली होती. बंदीसाठी वापरला तो १९०८ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम. तो मुळात बंगालमधील गुप्त मंडळ्यांसाठी केलेला होता. ही बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. कोणा न्यायालयाने ती उठवली नाही. पक्षाने युद्धात साथ द्यायचे ठरवले तेव्हा सरकारनेच उठवली.

बंदी गेली, पण १९०८ चा कायदा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रास सरकारने तोच हाती घेतला. १९४९ मध्ये तिथे कम्युनिस्ट पक्ष बेकायदेशीर ठरला आणि मार्च १९५० मध्ये, पक्षाला मदत करते म्हणून, पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही संस्थाही. संस्थेचे सचिव व्ही. जी. रो न्यायालयात गेले. ३१ मार्च १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रासने दुरुस्त केलेले ते कलम रद्द केले. संघटना करण्याचा हक्क केवळ सरकारचे समाधान झाले म्हणून काढून घेता येत नाही, त्याला न्यायालयीन चौकशी हवी, असा त्याचा गाभा. राजपत्रात छापले म्हणजे नोटीस पोचली, हेही न्यायालयाला पटले नाही. घाटघरच्या माणसाला राजपत्र कोण वाचून दाखवणार?

इथे थांबलो असतो तर माझे “नाही” बरोबर ठरले असते. पण डिसेंबर २०१७ मध्ये झारखंड सरकारने मजदूर संगठन समिती या कामगार संघटनेवर बंदी घातली, माओवाद्यांशी संबंध असल्याचे सांगून, आणि वापरला तो हाच १९०८ चा कायदा. पुढे उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मधली वर्षे कामगारांची गेली ती गेलीच. तेव्हा जुना कायदा न्यायालयात टिकतो का, हा वकिलाचा प्रश्न झाला. तो टिकेपर्यंत किंवा पडेपर्यंत कोण कोठडीत बसतो, हा आपला आहे. अमेरिकेतही १९५४ चा कम्युनिस्ट नियंत्रण कायदा १९७३ मध्ये ॲरिझोनातील एका न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तरी तो तिथल्या कायद्याच्या पुस्तकातून पुरता गेला नाही. आणि बंदीवाचूनही बरेच काही करता येते. १९४६ साली कम्युनिस्ट पक्ष पूर्णपणे कायदेशीर असताना वारल्यांत काम करणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलेच.

आता ‘फकिरा’ आणि ‘उचल्या’ शेजारी ठेवून वाचू. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. ‘फकिरा’त तो जिवंत आहे. मांगाचे पोर जन्मतःच सरकारच्या नोंदीत जाते आणि माणूस हजेरीला बांधला जातो. अण्णा भाऊंना सरकारी बंदी ऐकून माहीत नव्हती. त्यांच्या लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकारने बंदी घातली होती. पुढे १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. ‘उचल्या’तील काळ बहुतांशी त्यानंतरचा, पण पोलिस तसेच घरात शिरतात, तसेच मारतात. राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला होताच. लक्ष्मण गायकवाडांचे पुस्तक गरिबीची करुण कहाणी म्हणून वाचणाऱ्यांना हे दिसत नाही, की त्यात रद्द झालेल्या कायद्याची अंमलबजावणी पानोपानी चालली आहे. ज्याच्यामागे पक्ष, वकील, वर्तमानपत्र आहे त्याच्यावर चालू कायदाही लावताना सरकार दहादा विचार करते. पारध्याच्या, पाथरुटाच्या पालावर मेलेला कायदाही पुरतो.

काही मित्र म्हणतील, कम्युनिस्टांचे दुखणे आपण का वाहायचे? रागाला कारण आहे. १९५२ च्या निवडणुकीत मते कुजवण्याचा प्रचार केल्याचा आरोप खुद्द बाबासाहेबांनी डांग्यांवर निवडणूक अर्जात केला होता. तो मी विसरलेलो नाही. पण दुसरी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. १९५० मध्ये ‘क्रॉसरोड्स’ या मुंबईच्या डाव्या साप्ताहिकावरची मद्रासची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर १९५१ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चे बंधन घालणारी पहिली घटनादुरुस्ती झाली, आणि कायदामंत्री म्हणून तिचे समर्थन बाबासाहेबांनीच केले. मला ते मान्य करणे जड जाते. मात्र बंधन ‘वाजवी’ असले पाहिजे, हा शब्दही त्याच दुरुस्तीने त्या कलमात आला. संघटनेच्या हक्काच्या कलमात तो आधीपासून होता, आणि रो यांचा खटला उभा राहिला तो त्याच एका शब्दावर. बाबासाहेबांच्या घटनेतला हा शब्द एका डाव्या संस्थेच्या कामी आला, याचे मला वाईट वाटत नाही.

आज जुन्या कायद्यांची फारशी गरजही उरलेली नाही. २००९ मध्ये भाकप (माओवादी) बेकायदा कृत्ये कायद्याच्या दहशतवादी यादीत गेला. नुसत्या सदस्यत्वाने कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्यात ‘कडव्या डाव्या’ संघटना असा शब्दप्रयोग आहे. कडवे कुठून सुरू होते? हिरड्याची भरपाई मागण्यापासून, की बावट्याच्या रंगापासून? त्या बंदोबस्तावरच्या पोलिसाला याची व्याख्या कोणी समजावून सांगेल, असे मला वाटत नाही.

निघताना एका म्हाताऱ्याने आम्हाला नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण दाखवला. सातवाहनांचा म्हणतात. “आता कोणी टाकत नाही,” तो म्हणाला, “पण जागचा हलवलाही नाही कोणी.”

परत आल्यावर त्या तरुणाला पत्र लिहिले. त्यात १९३४ आणि १९४२ ही साले लिहिली, रो यांच्या खटल्याचे नाव आणि तारीख लिहिली. खाली हेही लिहिले, की पुढच्या मोर्चाला जाताना पोलिस ठाण्यात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्यायची, तिची एक नक्कल घरी ठेवायची आणि एक खिशात.