उलट्या वाटेचा खेळाडू

दसऱ्याला नीळकंठाचे दर्शन झाले की वर्ष चांगले जाते, असा आमच्या गोंदियाकडे समज आहे. धानाच्या बांधीवरच्या तारेवर हा पक्षी बसलेला असतो, तेव्हा त्याच्यात विशेष असे काही दिसत नाही. तो उडाला म्हणजे पंखांतला निळा रंग एकदम उघडा पडतो आणि पोरे ओरडतात. ह्याच नावाचा एक फुटबॉलपटू आपल्या महाराष्ट्रात खेळून गेला. त्याचे भारतीय नाव नीलकंठ खांभोळजा. मैदान मात्र त्याला अराता इझुमी म्हणूनच ओळखत राहिले. सणाच्या दिवसांत त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडावा असे वाटले, कारण आजवर तो कोणी नीट मांडलेला माझ्या वाचनात नाही.

आपला खेळाडू परदेशी जातो, ही वाट आपल्या ओळखीची आहे. कलकत्त्याचा मोहम्मद सलीम 1936 साली पायाला नुसत्या पट्ट्या बांधून स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाकडून खेळला आणि घरच्या ओढीने परत आला. बायचुंग भुतिया 1999 साली इंग्लंडच्या बरी संघात गेला. सुनील छेत्रीने 2010 साली अमेरिका आणि 2012 साली पोर्तुगाल गाठले. अराताची वाट उलटी. 31 जुलै 1982 रोजी तो जपानमधल्या शिमोनोसेकीत जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरला खेळून 2006 साली तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात दाखल झाला. पुढे मुंबईचा महिंद्र युनायटेड आणि 2009 पासून पुणे एफ. सी. असा त्याचा प्रवास झाला. बापाच्या देशात तो परदेशी खेळाडू म्हणून आला होता, हे विसरता कामा नये.

ह्या देशाकडून खेळावे असे त्याला वाटू लागले तेव्हा कायदा आडवा आला. आपली राज्यघटना आणि 1955 चा नागरिकत्वाचा कायदा दोन देशांचे नागरिकत्व मानीत नाहीत. जपानचा कायदाही मानीत नाही. त्यातच, भारतीय पारपत्र असेल त्यानेच भारताकडून खेळावे, असे धोरण सरकारने 2008 साली ठरवले. म्हणजे एक दार उघडायचे तर दुसरे कायमचे लावून घ्यायचे. अराताने ते लावून घेतले. 2013 च्या फेब्रुवारीत कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून उतरला, तेव्हा त्याची तिशी उलटली होती. तो सामना आपण 2–4 असा हरलो. पुढेही त्याच्या वाट्याला थोडेच आंतरराष्ट्रीय सामने आले.

ह्या कारकिर्दीवर दोन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात, आणि मला दोन्ही अपुरे वाटतात. पहिला भाबडा : केवढा हा त्याग! दुसरा व्यवहारी : सामने किती, गोल किती? त्याग म्हणणारे हे विसरतात की खेळणे हा त्याचा पोटाचा धंदा होता, आणि जिथे खेळायला मिळते तिथे खेळाडू जातोच. गोल मोजणाऱ्यांना मात्र नेव्हिल डिसोझाची आठवण द्यावीशी वाटते. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या ह्या गड्याने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, भारत 4–2 असा जिंकला आणि शेवटी चौथा आला. नेव्हिल तेव्हा ऐन चोविशीत होता. तेच वय अराता भारतात आला तेव्हा त्याचे होते! पण त्याची पुढची सहा-सात वर्षे दुसऱ्याच रांगेत गेली. मधल्या फळीत खेळणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची धाव, आणि धाव काही बँकेत ठेवता येत नाही. कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. देशाने निष्ठा मागावी हे रास्तच आहे. परंतु उशिराची किंमत खेळाडूने भरली आणि हिशेबात ती त्याच्या नावावर तूट म्हणून मांडली गेली, हा अन्याय आहे.

त्याची खरी कारकीर्द पाहायची तर ती पुण्यात. 2012–13 च्या आय-लीगमध्ये डेरिक परेराच्या हाताखाली पुणे संघ दुसरा आला. महाराष्ट्रातल्या संघाला हे यश लहान नव्हे. आणि इथेच मन उदास होते. महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला. पुण्याचा तो संघही पुढे उरला नाही. नंतर ज्या एफ. सी. पुणे सिटीकडून अराता खेळला, त्याचाही 2019 साली गाशा गुंडाळला गेला. एका माणसाने आमच्यासाठी आपला देश बदलला आणि आम्हांला त्याच्या संघाचे घरसुद्धा राखता आले नाही!

आमच्या स्टेशनावरून महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते ती पुण्यावरून थेट कोल्हापूरला जाते. ह्या गाडीत बसले की मला हा प्रश्न छळतो. पुण्यातले संघ गेले; मग कोल्हापूरच्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ह्या तालमींचे संघ कसे टिकले? उत्तर साधे आहे. ते संघ पेठांचे आहेत. हरले तरी पेठ त्यांना टाकीत नाही. शाहू स्टेडियमवर आजा, बाप आणि नातू एकाच संघासाठी घसा बसवतात. कंपनीचा संघ तोट्याच्या वहीत येतो आणि एके दिवशी पुसला जातो. अराताला आपण पारपत्र दिले, पेठ दिली नाही.

तरीही ह्या कारकिर्दीला मी अपयशी म्हणणार नाही. खेळ थांबल्यावर त्याने नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या मुलांना फुटबॉल शिकवला. 2025 साली ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सने, ज्याची आई मुंबईची, आपले पारपत्र सोडून भारताचे घेतले. त्याला ही वाट नवी काढावी लागली नाही. पहिल्याने पाय उमटवले की दुसऱ्याचे काम सोपे होते. पहिल्याच्या पायाला काटे जास्त बोचतात, एवढेच.

यंदा दसऱ्याला आमच्या नातवाने तारेवरचा नीळकंठ दाखवला आणि विचारले, "आजोबा, हा आपल्याच गावचा का?" मी म्हटले, "इथे येऊन बसला ना, मग आपलाच."