घराची रीत आणि कॅमेऱ्याची रीत

राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव निघाले की सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराची छायाचित्रे प्रथम आठवतात. मला मात्र त्यांची एक योजना अधिक विचारणीय वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास जनान्यासाठी स्टुडिओ उघडला व तो केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. पडदा इष्ट होता असे येथे सुचवावयाचे नाही. पण पडद्यातील स्त्रीला छायाचित्र हवे, तर तिच्या सोयीने कॅमेऱ्याने वागावे, हे त्यांनी ओळखले.

कौटुंबिक छायाचित्राची शैली निवडताना हीच कसोटी लावावी. खुर्च्यांवर वडीलधारी माणसे, मागे मुलगे-सुना, पायाशी नातवंडे, या जुन्या मांडणीला आज कृत्रिम म्हणून हिणवतात. वस्तुतः तीत त्या घरातील नात्यांचा क्रम उमटलेला असतो. मात्र तो क्रम ज्या घरात उरला नाही, तेथे ती मांडणी निव्वळ नाटक ठरते. उलट, नकळत टिपलेली ‘सहज’ छबी घरातील एखाद्या भिडस्त आजीला चोरून पाहिल्यासारखी बोचते. मग ती सहजता कोणाची?

म्हणून फॅशनची चौकशी करण्याआधी घरातल्या सर्वांत संकोची माणसाला विचारावे : बसून की काम करताना, स्टुडिओत की ओसरीवर? ज्या रीतीत ते माणूस मोकळे दिसेल, ती त्या घराची शैली. धीट माणसे कोठेही खुलतात.